विठाबाईंवर सिनेमा येतोय. हिशेब कोण ठेवणार?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

विठाबाई नारायणगावकरांच्या आयुष्यावर हिंदी सिनेमा होतोय, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर आणि विठाबाईंच्या भूमिकेत श्रद्धा कपूर, अशा बातम्या आल्यापासून आपल्याकडचे व्हॉट्सअॅप ग्रुप खुशीत आहेत. नारायणगावचं नाव देशभर होणार म्हणून जुन्नरवाले खूश. आमच्या जत्रेत विठाबाईंची बारी झाली होती म्हणून मंचर-घोडेगावकडचे खूश. आनंद होणं साहजिक आहे. मीसुद्धा तिकीट काढून बघणार. श्रद्धा कपूरशी माझं काही भांडण नाही, उतेकरांशीही नाही.

माझं भांडण आपल्याशी आहे. ज्या समाजावर, ज्या गावावर, ज्या कलेवर सिनेमा निघतो, त्यांनी त्या सिनेमाचा अभ्यास स्वतः करायचा असतो. आपल्या भाषेत, आपल्या गावात बसून. तो केला नाही तर आपली माणसं कशी होती हे मुंबईचा पटकथाकार सांगतो आणि आपली नातवंडं तेच खरं धरून चालतात. तमाशावर मराठीत पाऊणशे वर्षं सिनेमे निघताहेत. तमाशाची पंढरी म्हणून मिरवणाऱ्या आपण त्यांचा हिशेब कधी मांडला?

"सिनेमाचा कसला अभ्यास? करमणूक आहे, बघायची आणि सोडून द्यायची," असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांच्यासाठी आधी अमेरिकेतली गोष्ट सांगतो.

१९१५ साली तिथे 'द बर्थ ऑफ अ नेशन' नावाचा सिनेमा आला. तंत्रात त्या काळच्या सगळ्यांच्या पुढे. पण त्यातली महत्त्वाची कृष्णवर्णीय पात्रं गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केली होती आणि ती पात्रं रानटी, बायकांवर टपलेली दाखवली होती. तारणहार कोण, तर घोड्यावरून येणारे कु क्लक्स क्लॅनवाले. त्याच वर्षी थंड पडलेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. करमणूक आहे, बघून सोडून द्या, हे तिथल्या कृष्णवर्णीयांना कुणी सांगून बघायला हवं होतं.

त्यांनी सोडून दिलं नाही. ऑस्कर मिशो नावाचा माणूस, आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. हा स्वतः कादंबऱ्या लिहून दारोदार विकायचा. त्यानं स्वतः पैसे उभे करून सिनेमे काढले, चाळीसच्या आसपास. १९२० साली त्यानं 'विदिन अवर गेट्स' काढला आणि झुंडीनं माणसं लटकवणारे गोरे पडद्यावर आणले. पुढे हा सिनेमा हरवला. अनेक दशकांनी त्याची एक प्रिंट सापडली, तीही स्पेनमध्ये, दुसऱ्याच नावानं. ती अमेरिकेत परत नेऊन १९९३ साली दुरुस्त केली. हे काम अभ्यासकांचं. मिशो कोण होता आणि त्यानं काय काढलं होतं याची यादी कुणीतरी चिकाटीनं केली होती, म्हणून त्या डब्यात काय आहे ते ओळखता आलं.

दुसरा दाखला याहून भारी. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात अर्ध्या मिनिटाची एक जुनी फिल्म सापडली. १८९८ ची. एक कृष्णवर्णीय जोडपं हसतंय, एकमेकांचे हात धरतंय, मुका घेतंय. बस, एवढंच. ॲलिसन नादिया फील्ड या प्राध्यापक बाईंनी तिचा छडा लावला. दोघं रंगमंचावरचे कलाकार होते, सेंट सटल आणि गर्टी ब्राऊन. आपल्या भाषेत सांगायचं तर फडातली माणसं. कृष्णवर्णीय माणसाला चोर, विदूषक नाहीतर नोकर म्हणूनच दाखवायचा तो काळ. त्या काळातली दोन माणसं प्रेम करताना सापडली आणि इतिहासाचं पान बदललं. अर्ध्या मिनिटाच्या फितीनं हे केलं.

हे आपोआप झालेलं नाही. डोनाल्ड बोगलनं १९७३ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं की हॉलिवूडनं कृष्णवर्णीय माणसाला फिरवून फिरवून पाचच साच्यांत बसवलंय. इंडियाना विद्यापीठात १९८१ साली कृष्णवर्णीयांच्या सिनेमाचा स्वतंत्र संग्रह सुरू झाला. बेल हुक्स या लेखिकेनं विचारलं की काळी बाई थिएटरच्या अंधारात बसते, तेव्हा ती नक्की कुणाला बघते? पडद्यावर तर ती नाहीच, आणि असली तर मोलकरीण. मग ती उलट बघायला शिकते, दाखवणाऱ्यालाच जोखायला लागते.

आता ही उलटी नजर घेऊन आपल्या तमाशापटांकडे बघू.

स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई सरकारनं तमाशा अश्लील म्हणून त्यावर बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तो 'सुधारायला' घेतला. वग तपासून घ्यायचे, परवानगी काढायची. पुढे तमाशा म्हणायची लाज म्हणून लोकनाट्य म्हणायला लागले. इकडे कनातीतला तमाशा धुऊन काढला जात होता, तिकडे पडद्यावर तोच तमाशा सोनं पिकवत होता. अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यानंतर तमाशापटांची रांगच लागली. १९७२ चा 'पिंजरा', २०१० चा 'नटरंग', २०२२ चा 'चंद्रमुखी' ही त्याच रांगेतली पुढची नावं.

यातले बरेच सिनेमे मला आवडतात, गाणी तोंडपाठ आहेत. पण आवडतात म्हणून विचारायचं नाही असं कुठं आहे? 'पिंजरा'त दुःख कुणाचं? मास्तरांचं. आदर्श शिक्षक तमाशातल्या बाईपायी धुळीला मिळाला म्हणून आपण रडलो. 'नटरंग'मध्ये तगमग नाच्या झालेल्या गुणाची. 'चंद्रमुखी'त भोवरा फिरतो तो राजकारण्याच्या प्रतिष्ठेभोवती. तमाशातली बाई प्रत्येक ठिकाणी आहे, पण दुसऱ्याच्या आयुष्यात आलेलं वादळ म्हणून. तिची उचल किती होती, ती फिटली का, तिचं पोर कुठल्या शाळेत जातं, पावसाळ्याचे चार महिने ती काय खाते, हे दाखवणारे सिनेमे शोधायला बसा. हातांच्या बोटांवर मोजून बोटं उरतील. बोगलनं पाच साचे काढले. आपल्याकडे मोहात पाडणारी बाई, लंपट पाटील, चावट सोंगाड्या आणि बरबाद होणारा सज्जन, एवढ्यावर पाऊणशे वर्षं भागलं.

तुलना तंतोतंत जुळत नाही हे मला कळतं. तिथे रंग, इथे जात. आपल्याकडच्या नायिका सगळ्याच बाहेरच्या होत्या असंही नाही. हंसा वाडकर कलावंतिणींच्या घराण्यातल्या. त्यांच्या आत्मकथेचं नाव 'सांगत्ये ऐका' आहे आणि त्यात स्टुडिओतल्या बाईचं जे आयुष्य आहे ते तमाशापटात कुठंच दिसत नाही. पण म्हणूनच तर अभ्यास लागतो. कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, हे बसून तपासल्याशिवाय कळत नाही. शेअर-लाइक करून तर नाहीच नाही.

आता विठाबाईंकडे येऊ.

त्यांचं पूर्ण नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. वडील आणि चुलत्यांचा फड भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावानं गाजला. जात फडाच्या पाटीवर होती. लपवलेली नव्हती, पुसलेली नव्हती. 'मांग' या शब्दासकट महाराष्ट्रानं त्या पाटीपुढे तिकिटं काढली. आज बॅनरवर, कमानीवर, सत्काराच्या पत्रिकेवर नाव छापताना मधला शब्द कसा गळतो बघा. सिनेमा लागेल तेव्हा माझं पहिलं लक्ष तिथे असणार. नाव पूर्ण येतंय का?

दुसरं. पोटुशी असताना नाचता नाचता कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. माझी पैज आहे, ट्रेलरचा मुख्य शॉट तोच असेल. संगीत वाढेल, थिएटरात टाळ्या पडतील. पण त्या बाईला त्या रात्री परत उभं का राहावं लागलं? सुपारी घेतलेली होती म्हणून. फडातल्या माणसांची पोटं त्या बारीवर होती म्हणून. तिकीट काढून बसलेला पब्लिक ओरडत होता म्हणून. तो पब्लिक कोण होता? आपले आजे-पणजे होते. त्या प्रसंगाला नुसतं 'कलेवरची निष्ठा' म्हटलं की आपली सुटका होते. निष्ठा होतीच. पण बाळंतिणीला एक रात्र न देणारा समाजही होता. दोन्ही सांगणार असाल तर तो विठाबाईंचा सिनेमा.

'गॉन विथ द विंड'मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला १९४० साली ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. आणि त्याच समारंभात तिला बाकीच्या मंडळींपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. त्यांच्या नावानं सरकारी जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर. वेगळ्या टेबलाची आपली पद्धत थोडी निराळी आहे, एवढंच.

आणखी एक जोडी लावतो. सेनेगलचा ऊस्मान सेंबेन मार्सेच्या गोदीत हमाली करायचा. मग लेखक झाला. पण आपली माणसं पुस्तक वाचत नाहीत, वाचता येत नाही, हे बघून चाळिशीत सिनेमा शिकला. १९६६ साली त्यानं फ्रान्समध्ये मोलकरीण म्हणून नेलेल्या आफ्रिकन पोरीची गोष्ट पडद्यावर आणली. पुढे वोलोफ या आपल्या भाषेत सिनेमे काढले. त्याच काळातले आपले अण्णाभाऊ साठे. गिरणीत काम केलेले, तमाशातून लोकनाट्य उभं करणारे. 'वैजयंता' ही त्यांची कादंबरी तमाशातल्या बाईवरची, तिच्यावर १९६१ साली सिनेमा आला, 'फकिरा'वरही आला. अण्णाभाऊंच्या गोष्टी चालल्या, अण्णाभाऊ १९६९ साली मुंबईत गरिबीत गेले. सेंबेनच्या हाती कॅमेरा आला. अण्णाभाऊंच्या हाती तो कुणी दिला नाही. मराठीत तो हात नागराज मंजुळेंच्या रूपानं दिसायला 'फँड्री' यावा लागला, म्हणजे २०१३ उजाडलं. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. बेल हुक्स जिला उलटी नजर म्हणते, ती हीच.

आता नेहमीच्या कमेंटना आधीच उत्तर देऊन ठेवतो.

"कलेत जात कशाला आणता?" मी आणत नाही, फडाच्या पाटीवर होती. तुम्ही ती काढताय.

"काळ्या लोकांचं आपल्याला काय?" पलीकडच्या खेड तालुक्यात पूर-कनेरसर आहे. तिथे जन्मलेले नामदेव ढसाळ आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७२ साली दलित पँथर काढली. पँथर शब्द कुठून आला? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून त्यांचा लढा आणि आपला लढा सारखा कसा आहे हे मांडलं होतं. ओळख जुनी आहे, आपण विसरलो.

"तमाशा बाईच्या शोषणाचा धंदा, त्याचं काय कौतुक करायचं?" हा प्रश्न खरा आहे आणि तो बाहेरच्यांनी विचारलेला नाही. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून चळवळीला मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, असं सांगतात. आमच्या भगिनींना नाचवून आलेला पैसा नको, हा त्यामागचा विचार. बापूरावांबरोबर जिनं महाराष्ट्र गाजवला ती पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, आपल्या शेजारची. तिची कला मोठी की तिची पिळवणूक? याचं उत्तर एका वाक्यात देणारा माणूस खोटं बोलतोय. अभ्यास करायचा तो कौतुकासाठी नाही, या प्रश्नाला सामोरं जायला.

आणि हा अभ्यास झालेला नाही असंही नाही. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी लावणी आणि तमाशातल्या बायकांवर जातीच्या अंगानं काम केलं. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक आज अमेरिकेत सिनसिनाटीत प्राध्यापक आहेत. तमाशातल्या दलित बायकांवरचं त्यांचं पुस्तक २०२२ साली आलं आणि २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. नांदेडच्या सूरज एंगडे यांनी दलित सिनेमावर लिहिलंय. योगीराज बागुलांनी विठाबाईंचं चरित्र मराठीत लिहिलंय. आपल्या भागातल्याही काही प्राध्यापकांनी आणि कलावंतांच्या घरच्यांनी पदरमोड करून लिहिलंय, जपलंय. त्यांना मानाचा मुजरा. पण ही पुस्तकं आपल्या तालुक्यातल्या किती कॉलेजांच्या, किती सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटात आहेत, ते उद्या जाऊन बघा आणि इथे लिहा. स्पर्धा परीक्षेची गाईडं मोजू नका.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या मित्रांनो, हे फक्त नारायणगावचं दुखणं नाही. ठाकर समाजावरचा 'जैत रे जैत' आपण सगळ्यांनी बघितलाय. जब्बार पटेलांचा सिनेमा, मोहन आगाशे, स्मिता पाटील, ती गाणी. मोठाच सिनेमा. पण आहुपे-असाणे बाजूच्या एखाद्या ठाकर आजीला तो दाखवून 'बाई, हे तुमच्यासारखं आहे का?' असं कुणी विचारलं? ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. तेव्हा देशभरचे कॅमेरे आले. मेल्यावर कॅमेरा येतो, जिवंतपणी सिनेमातला ठाकर शहरातला नट होतो. डोंगरातल्या पोरापोरींच्या हातात आज मोबाइल आहे. त्यांना कुणीतरी शिकवा की तुमच्या आजीचं बोलणं रेकॉर्ड करणं हेही सिनेमाचंच काम आहे.

मग करायचं काय? पुतळा, कमान, चौकाला नाव, यानं भागत नाही. मला चार गोष्टी हव्या आहेत.

एक. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आहे, १९६४ पासून. नारायणगावहून फार तर ऐंशी किलोमीटर. तिथे तमाशापटांच्या किती प्रिंट आहेत, किती हरवल्यात, याची यादी मागा. आमदार, खासदार, ग्रामपंचायत, कॉलेज, सगळ्यांनी लेखी मागा. आणि जे आहेत ते सिनेमे नारायणगावात पडदा लावून, फडातल्या माणसांना पुढच्या रांगेत बसवून दाखवा. त्यांना बोलू द्या.

दोन. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावच्या जत्रा कमिट्या येतात, सुपाऱ्या ठरतात, लाखोंचे व्यवहार होतात. त्याच दिवसांत कॉलेजच्या पोरांनी राहुटीत बसून म्हाताऱ्या कलावंतांच्या मुलाखती घ्याव्यात. वगांच्या वह्या, हँडबिलं, करारपत्रं, कॅसेटी, फोटो यांच्या प्रती काढाव्यात. असा सगळ्यांना खुला संग्रह या दोन तालुक्यांत कुठे असेल तर पत्ता टाका, सकाळी हजर होतो. एक सोंगाड्या गेला की त्याच्या वगाची वही रद्दीत जाते. मिशोचा सिनेमा निदान स्पेनमध्ये तरी सापडला. आपली वही कुठल्या स्पेनमध्ये सापडणार?

तीन. जो निर्माता आपल्या माणसांवर सिनेमा काढेल, त्यानं संशोधनात काढलेल्या मुलाखतींची, फोटोंची एक प्रत इथे ठेवावी आणि ज्या कलावंतांकडून शिकला त्यांची नावं, मानधनासकट, पडद्यावर द्यावीत. ही भीक नाही, वाटा आहे.

चार. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या पोरांनी दरवर्षी एक तरी प्रकल्प यावर करावा. फोर्डची माहिती कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा आपल्या फडाची माहिती गोळा करणं कधीही चांगलं.

जमणार नाही म्हणू नका. बुर्किना फासो नावाचा आफ्रिकेतला गरीब देश आहे. त्याच्या राजधानीत, वागाडुगूत, १९६९ पासून आफ्रिकन सिनेमाचा महोत्सव भरतो, अख्खा खंड तिथे येतो. ते गाव आज सिनेमाची पंढरी म्हणून ओळखलं जातं, कारण तिथल्या लोकांनी ठरवलं. आपल्याला पंढरी हा शब्द फुकट मिळालाय. पण पंढरीत नुसती गर्दी नसते, नामा-जनीच्या अभंगांच्या वह्याही कुणीतरी पिढ्यान्पिढ्या उतरवून ठेवलेल्या असतात.

सिनेमा लागेल. डिजिटल फलक लागतील, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो विठाबाईंपेक्षा मोठे असतील. दोन आठवडे गाजेल, मग ओटीटीवर जाईल. त्यानंतर जगाला विठाबाई म्हणजे श्रद्धा कपूरचा चेहरा आठवेल. खऱ्या विठाबाईंचा आवाज, त्यांचं पूर्ण नाव आणि त्या रात्रीच्या पब्लिकची खरी गोष्ट ठेवायची की नाही, हे मुंबई ठरवणार नाही. ते आपल्याला ठरवायचंय, आणि सिनेमा लागायच्या आधी.

ज्यांच्या घरी वगाची वही, जुनं हँडबिल, कॅसेट, फोटो काहीही असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नका. इनबॉक्समध्ये कळवा, मी येऊन मोबाइलवर फोटो काढून नेतो, वस्तू तुमच्याकडेच राहील. पटलं तर पोस्ट पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.